डोळा असलेली पाणबुडी

कसबा बावड्यात आमच्या तालमीच्या भिंतीवर एक पाणबुडी रंगवलेली होती. तिला डोळा होता. पेंटर ज्ञानूने ती १९७२ साली काढली, आणि तोवर त्याने पंचगंगेच्या पुरापेक्षा मोठं पाणी बघितलेलं नव्हतं. पाण्याखाली पळते म्हणजे तिला दिसायला पाहिजे, एवढा हिशेब करून त्याने पुढच्या बाजूला बशीएवढा डोळा काढला आणि त्यात काळं बुबुळ भरलं. खाली तांबड्या ऑइलपेंटमध्ये वाक्य होतं: ‘शत्रूची पाणबुडी बुडवणारे आपल्या गावचे वीर, शमशुद्दीन मौला मुलाणी.’ हे वाक्य माझं. मी इथला शाळामास्तर. गावात कुठे चार शब्द लिहायचे असले की लोक माझ्याकडे यायचे, आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. त्या वाक्यातलं नाव तेवढं बरोबर होतं.

शमशुद्दीनचा बाप मौलाचाचा हा गावचा मुलाणी. कुणाच्याही घरी बकरं पडायचं तर सुरी मौलाचाचाची. गावच्या जत्रेला, म्हणजे म्हाईला, तो पहाटेपासून घराघरांतून फिरायचा. मराठ्यांच्या, धनगरांच्या, सगळ्यांच्या. कामाच्या त्याच्या अटी होत्या. बकऱ्याला आधी पाणी पाजायचं. एका बकऱ्यादेखत दुसरं कापायचं नाही. देवाचं नाव घेतल्याशिवाय सुरी लावायची नाही. आणि सुरीला धार लावायला तो प्रत्येक घराच्या मागे, पार गोठ्याच्या पलीकडे जायचा. बकऱ्याला तो आवाज ऐकू येता कामा नये, हा त्याचा नेम. तालमीचे वस्ताद केरबाअण्णा घाईचे गृहस्थ. मटण शिजायला उशीर होतो म्हणून ते दरवर्षी ओरडायचे.

‘‘चाचा, त्येला काय कळतंय धारंचं? हितंच लाव की!’’

‘‘कळत नसंल अण्णा, पर ऐकू तर येतंय की,’’ मौलाचाचा म्हणायचा आणि चालू लागायचा.

अशा घरातला शमशुद्दीन १९६१ साली अठराव्या वर्षी नेव्हीत गेला. कोल्हापुरात भरती होती. उंची बसली, छाती बसली, आणि कानांच्या परीक्षेत तर डॉक्टरने त्याला परत बोलावून पुन्हा तपासलं, इतके त्याचे कान तीक्ष्ण निघाले. म्हणून त्याला कोचीनला पाठवून ‘सोनार’ नावाच्या यंत्रावर बसायला शिकवलं. या यंत्राचं काम त्याने पुढे मला सांगितलं ते असं. विहिरीच्या काठावर उभं राहून हाळी दिली की आपलाच आवाज भिंतीला आपटून परत येतो. जहाजाच्या पोटातून पाण्यात तशीच हाळी सोडायची, टणत्कारासारखी, आणि कानावर हेडफोन लावून बसायचं. वाटेत काही आडवं आलं तर आवाज परत येतो. किती वेळाने आला त्यावरून अंतर कळतं, कसा आला त्यावरून काय आहे ते. मासळीचा थवा असला तर पसरट, पाणबुडी असली तर खणखणीत. समोरची वस्तू जवळ येत असली तर परतीचा सूर चढतो, दूर पळत असली तर उतरतो.

आणि हाळी द्यायची नसेल तेव्हा नुसतं ऐकत बसायचं. त्या ऐकण्यात शमशुद्दीनला सुतार भेटला.

खलाशी त्याला सुतार म्हणत, कारण खोल पाण्यातून हातोडीने खिळा ठोकावा तशी ठकठक यायची. एक थांबला की दुसरा सुरू, कधी तिघे-चौघे एकदम. तो मोठ्या डोक्याचा देवमासा. त्याला अंधाऱ्या पाण्यात दिसत नाही, म्हणून तोही हाळी देतो आणि परतीचा आवाज ऐकून भक्ष्य शोधतो. म्हणजे शमशुद्दीन जे पगार घेऊन करत होता तेच तो पोटासाठी करत होता. सहासात वर्षं तो या सुतारांना ऐकत होता, आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. जहाजाची हाळी सुरू झाली की सुतार गप्प. एका क्षणात सगळे. हाळी थांबल्यावरही अर्धाअर्धा तास कुणी हातोडी उचलायचं नाही, आणि मग आवाज यायचा तो लांबून, भलत्याच दिशेने. त्याने खिशातल्या डायरीत वेळा लिहून ठेवल्या होत्या: दहा वाजून बाराला बंद, दहा एक्कावन्नला सुरू, लांब. एका साहेबाला त्याने ती दाखवली. साहेब म्हणाला, आपण माशांच्या खात्यात नाही. ते एका परीने खरंच होतं.

मग १९७१ची लढाई आली. बावड्यात दिव्यांना काळे कागद लागले, रेडिओभोवती माणसं जमली. त्या डिसेंबरात पिठाच्या गिरणीत एका बाईने शमशुद्दीनच्या बायकोला, ताजबीला, सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘तुमचा दादला नेमका कुणाच्या बाजूनं हाय म्हणायचा?’’ ताजबी मुरगूडची. बोलायला लागली तर कुणाला ऐकायची नाही. पण त्या दिवशी ती गप्प बसली, पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि घरी गेली. ती गप्प बसली याचाही गिरणीतल्या लोकांनी हवा तो अर्थ काढला. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी काही बोललो नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

जानेवारीत शमशुद्दीनचं पत्र आलं. ताजबीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती ते घेऊन शाळेत आली. पत्र सहा ओळींचं. खुशाल आहे, अब्बांना सलाम, आणि मग: ‘आम्ही पाण्यात बॉम्ब टाकले. मीच दिशा सांगितली. वर तेल आलं. बाकी भेटीत.’

मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्यात बॉम्ब, वर तेल, म्हणजे दुसरं काय असणार? मी ताजबीला म्हटलं, ‘‘वैनी, तुमच्या मालकानं पाणबुडी बुडवली!’’ तिच्या तोंडाकडे बघून मला गिरणीतला प्रसंग आठवला. मी शाळा अर्ध्यावर सोडली आणि पत्र घेऊन थेट तालमीत गेलो. तास-दीड तासात अर्ध्या गावाला ते पाठ झालं. ‘बाकी भेटीत’ हे दोन शब्द मी वाचून दाखवले नाहीत, कारण त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही. नेव्हीने कधी म्हटलं नाही की पाणबुडी बुडाली. ते आम्ही म्हटलं.

मार्चमध्ये तो रजेवर आला तेव्हा एस.टी.तून उतरताच हलगी वाजायला लागली. त्याला काही समजेना. गळ्यात हार घालून, गुलाल टाकून लोकांनी त्याला तालमीपर्यंत नेलं. तिथे ज्ञानूची पाणबुडी ओली होती, आणि मांडवात खुर्चीवर मौलाचाचा बसला होता. मौलाचाचा जन्मभर गावच्या प्रत्येक कार्यक्रमाला कडेला उकिडवा बसलेला. त्या दिवशी केरबाअण्णांनी स्वतःच्या हाताने त्याला फेटा बांधून मधल्या खुर्चीत बसवला होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. बायकांत ताजबी पहिल्या रांगेत होती. गिरणीतल्या त्या बाईने तिची ओटी भरली.

माझं भाषण पाऊण तास झालं. मग शमशुद्दीनला उभं केलं. त्याने भिंतीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘‘माझं काम नुस्तं ऐकायचं हाय. मी काय केलं न्हाय.’’ आणि बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्द गड्याला गर्व नाही बघा, असं केरबाअण्णा म्हणाले.

त्या वर्षीच्या म्हाईला एक विपरीत झालं. मौलाचाचाने सुरी हातात घ्यायला नकार दिला. कारण सांगेना. केरबाअण्णा स्वतः त्याच्या दारात गेले, तरी नाही. ‘‘न्हाय हुनार अण्णा, आता हात उचलत न्हाय,’’ एवढंच. शेवटी दुसऱ्या गावाहून माणूस आणावा लागला. अण्णांना ते फार लागलं. एक फेटा काय बांधला, म्हातारा आभाळाला टेकला, पोरगा वीर झाला म्हणून आता ह्याला बकरं कापायची लाज वाटते, असं ते चारचौघांत म्हणाले, आणि गावानेही री ओढली. मौलाचाचा पुढे सात वर्षं जगला. त्याने पुन्हा सुरी धरली नाही आणि अण्णांनी त्याच्याशी अबोला धरला. तो गेला तेव्हा अण्णा मातीला आले, पण लांब उभे राहिले.

शमशुद्दीन १९७६ला नेव्हीतून सुटून घरी आला आणि त्याने रस्त्याला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. नदीकाठच्या उसाला पाणी देणारे पंप त्याच्याकडे यायचे. तो पंप आधी उघडायचा नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला लावायचं, दांडा कानाला, आणि डोळे मिटून बसायचं. मग सांगायचा, ‘‘मागचं बेअरिंग.’’ उघडल्यावर मागचंच निघायचं. राधानगरीकडचे शेतकरीसुद्धा बैलगाडीत मोटार घालून यायचे, आणि म्हणायचे, पावणं, जरा कान लावा की.

मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसू लागलो. सोनार, सुतार, डायरी, हे सगळं त्याने मला तिथे सांगितलं. पाणबुडीचा विषय मात्र मी काढला की तो वायंडिंगची तार मोजायला लागायचा. एकदा दिवाळीच्या पाडव्याला रंगवलेल्या म्हशी दुकानासमोरून धावत गेल्या. आमच्याकडे ही हौस आहे. पुढे मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर, आणि त्या फटफटाटामागे म्हैस शेपटी उचलून पळते. मी सहज म्हटलं, जनावरं आवाजाला भितात असं तू म्हणतोस, मग ही कशी पळत येते?

‘‘गाडीवर तिचा धनी हाय, मास्तर. तिला ठावं हाय ते,’’ तो म्हणाला. ‘‘सुताराला काय ठावं, जहाजात कोन बसलाय?’’

आणि तो पुन्हा तार मोजायला लागला.

१९८३ साली तालमीला पन्नास वर्षं झाली आणि भिंतीला नवा रंग द्यायचं ठरलं. पाणबुडी पुन्हा रंगवायची होती. ज्ञानू आता शहाणा झाला होता. त्याने कुठल्याशा मासिकातला खऱ्या पाणबुडीचा फोटो कापून आणला होता. कठड्यावर केरबाअण्णा, मी आणि आठदहा पैलवान बसलो होतो. ज्ञानू म्हणाला, ह्या वेळी डोळा काढायचा नाही, फोटोत नाही. तेवढ्यात शमशुद्दीन दुकानातून उठून, हात पुसत पुसत आला.

‘‘डोळा ऱ्हाऊ दे,’’ तो म्हणाला.

अण्णा हसले. ‘‘आरं, पाणबुडीला डोळा असतोय व्हय? बाहेरगावची मानसं हसत्यात आमाला.’’

‘‘पाणबुडी न्हवतीच ती, अण्णा.’’

शमशुद्दीन उभाच होता. अंगाला ग्रीस, हातात चिंधी. त्याने सांगायला सुरुवात केली आणि मध्ये एकदाही थांबला नाही.

लढाईतली, त्या डिसेंबरातली गोष्ट. दोनच दिवसांपूर्वी आपलं एक जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडवलेलं. जहाजावरचा प्रत्येक माणूस पाण्याकडे बघायलाही भीत होता. सकाळी त्याची पाळी होती. नुसतं ऐकत असताना खालून ठकठक आली, एकच सुतार. चारपाच मिनिटं आली. ते नोंदवायचं त्याने टाळलं, कारण माशांच्या खात्यात आपण नाही हे त्याला सांगून झालं होतं. मग हुकूम आला, हाळी सुरू करा. सुरू केली. ठकठक बंद झाली. आणि परतीचा आवाज आला, बऱ्यापैकी खणखणीत, सूर उतरत जाणारा. म्हणजे समोर जे होतं ते पळत होतं आणि गप्प होतं.

‘‘पाणबुडीबी तशीच करती,’’ तो म्हणाला. ‘‘गप ऱ्हाती आन पळती. साहेबांनी इचारलं, काय हाय? मला म्हाईत हुतं अण्णा. पाच मिन्टापूर्वी मी त्येला ऐकला हुता. पर वाटलं, नसला तर? मी मासा म्हनायचं आन आपली सगळी पोरं बुडायची? आन आणिक एक वाटलं. मुलाणी हाय मी. मी मासा म्हनालो आन ती पाणबुडी निघाली, तर लोक काय म्हनतील? मी म्हनालो, पाणबुडी.’’

चाळीस मिनिटं जहाज त्या सुताराच्या मागे होतं. तो खोल गेला की हे थांबत, वर आला की हाळी. श्वासाला त्याला वर यावंच लागतं. शेवटी बॉम्ब टाकले. पाण्यावर तेल आलं, सगळे नाचायला लागले. नियमाप्रमाणे बादली सोडून तेलाचा नमुना घेतला आणि ओळखीसाठी हातोहात फिरवला. त्याने बोट बुडवून हुंगलं.

‘‘डिझेल न्हवतं. चरबी हुती. आमच्या घरात जल्मलेल्या मानसाला चरबीचा वास सांगायला लागत न्हाय.’’ त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ‘‘साहेबांनीबी कागदावर मासाच लिव्हला. गावातच तेवढी पाणबुडी झाली. मी पत्रात लिव्हलं हुतं, मास्तरांनी वाचलं हुतं, बाकी भेटीत. भेट झाली तवा हलगी वाजत हुती.’’

मी मान खाली घातली.

एक पैलवान चिडून म्हणाला, म्हणजे अकरा वर्षं गावाला फसवलंस की! शमशुद्दीन म्हणाला, व्हय. ज्या गोष्टीला तो अकरा वर्षं भीत होता ती आता समोर येऊन उभी होती. भिंतीवरचं नाव पुसलं तर उद्या गिरणीत ताजबीला पुन्हा कुणी काय विचारेल, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि प्रत्येकजण केरबाअण्णांच्या तोंडाकडे बघत होता. अण्णांचा राग गावाला माहीत होता.

अण्णांनी बराच वेळ पायातल्या चपलेचा अंगठा चाचपला. मग विचारलं, ‘‘चाचाला म्हाईत हुतं?’’

‘‘त्याच दिवशी सांजंला सांगितलं. फेटा सोडत हुते. म्हनाले, बकऱ्याला धार ऐकू येऊ ने म्हनून मी जल्मभर गोठ्यापल्याड गेलो, आन तू त्येला चाळीस मिन्टं ऐकवलीस. देवाचं नाव तरी घेतलंस का? मी म्हनालो, न्हाय. मग सुरी धुवून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. म्हनाले, आता ह्या घरानं पुन्हा धार लावायची न्हाय.’’

केरबाअण्णा उठले, तालमीच्या आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. अकरा वर्षं ते एका म्हाताऱ्यावर रुसून बसले होते, त्याच्या मातीलाही लांब उभे राहिले होते, आणि आता तो रुसवा सोडायला म्हातारा नव्हता.

‘‘ज्ञानू,’’ ते ओरडले, ‘‘डोळा ऱ्हाऊ दे. मासाच काढ, चांगला मोठा. आन मास्तर, तुमचं वाक्य तुमीच पुसा.’’

‘‘आन नाव?’’ मी विचारलं.

‘‘नाव ऱ्हाऊ दे की! नाव काय खोटं हाय व्हय? पंधरा वर्सं समुद्रात गेला त्यो, का तुमी गेलता? आन गिरणीत कोन काय बोललं तर मला येऊन सांगायचं.’’

ज्ञानूने मला टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी दिली. ऑइलपेंट सहजी निघत नाही. सगळी संध्याकाळ मी ते वाक्य खरवडत होतो, आणि शमशुद्दीन शेजारी बाटली धरून उभा होता.

पुढच्या वर्षीच्या म्हाईला मी अण्णांच्या घरी मदतीला होतो. पहाटे बाहेरगावचा तो माणूस आला. अंगणात बकरं बांधलेलं होतं. त्याने तिथेच बूड टेकलं, दगड काढला आणि सुरी घासायला लागला. अण्णा ओसरीवर दात घासत होते. ते तसेच खाली उतरले, त्याच्याजवळ जाऊन वाकले, आणि मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, ‘‘पावणं, गोठ्याच्या पल्याड जावा. त्येला ऐकू येतंय.’’